आज नको म्हणतंय पान

लिहित्या हातांचे प्रश्न : वाचकांशी पत्रसंवाद

दिवाळी अंकांची गडबड ओसरली की माझ्याकडे पत्रं यायला लागतात. ज्यांचं छापून आलं ते खुशीत असतात, त्यांना माझी गरज नसते. ज्यांचं आलं नाही किंवा ज्यांनी पाठवलंच नाही, ते लिहितात. यंदा जवळजवळ प्रत्येक पत्रात एक शब्द आहे : तयारी. ‘अजून तयारी झाली नाही’, ‘मनाची तयारी होत नाही’, ‘तयारी पूर्ण झाली हे ओळखायचं कसं?’ एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यामुळे हा शब्द माझ्या कानाला पाठ आहे. चाचणीच्या आदल्या दिवशी पोरं नेमकं हेच म्हणायची, आणि त्यातल्या निम्म्यांची तयारी झालेली असायची.

प्रश्न : ताई, मी बँकेत नोकरी करतो, राहायला जुळे सोलापूरला. माझे आजोबा गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे होते. त्यांच्यावर कादंबरी लिहायची आहे. सहा वर्षांत चार वह्या भरल्या. जुन्या कामगारांशी बोललो, ते सगळं मोबाईलमध्ये साठवलंय. जुनी गिरणी 1877 साली सुरू झाली तिथपासूनच्या नोंदी काढल्यात. पण पहिलं पान लिहून होत नाही. एका व्याख्यानात ऐकलं की निर्मितीच्या चार पायऱ्या असतात. मी दुसऱ्या पायरीवर अडकलोय असं वाटतं. पुढच्या पायरीवर कसं जायचं? (आजोबा संपाच्या काळात काही दिवस लपून कामावर जात होते, ते लिहावं की नाही हेही ठरत नाही, पण तो मुद्दा वेगळा.)

उत्तर : आधी त्या चार पायऱ्यांचं बघू, कंसातल्या ओळीकडे नंतर येते.

या पायऱ्या मांडल्या ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकानं, 1926 साली, ‘द आर्ट ऑफ थॉट’ या पुस्तकात. पहिली तयारी : वाचणं, विचारणं, नोंदी, डोकं फुटेपर्यंत विचार. दुसरी उबवण : विषय बाजूला पडतो, पण आत काहीतरी चाललेलं असतं. तिसरी उजेड पडण्याची : एकदम सुचतं. चौथी पडताळणीची : सुचलेलं खरंच उभं राहतं का ते बघायचं. यातल्या पहिल्या तीन वॉलसनं जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या भाषणावरून घेतल्या. 1891 मध्ये सत्तरीच्या सत्कारात हेल्महोल्ट्झ म्हणाले होते की चांगल्या कल्पना टेबलाशी बसून कधी आल्या नाहीत, ऊन पडलेलं असताना झाडीच्या टेकड्या हळूहळू चढताना आल्या. थोडीशी दारू घेतली तरी त्या पळून जातात, असंही त्यांनी सांगितलं. हे वाक्य मी आमच्या कवीमंडळींना मुद्दाम ऐकवते, ती दुसरीकडे बघतात.

व्याख्यानात तुम्हाला पोअँकारे यांची गोष्टही सांगितली असणार, कारण ती सगळेच सांगतात. हे फ्रेंच गणिती पंधरा दिवस एका प्रश्नाशी झुंजले. पुढे गणित बाजूला ठेवून भूशास्त्राच्या सहलीला गेले आणि कुताँस या गावी घोड्याच्या बसच्या पायरीवर पाय ठेवला तेवढ्यात उत्तर डोक्यात आलं. सांगणारे इथे थांबतात. पण घरी परतल्यावर त्यांनी मांडून, ताडून खात्री करून घेतली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आणि पंधरा दिवसांची झुंज नसती तर बसच्या पायरीवर फक्त पाय पडला असता.

मला या चार पायऱ्यांची अडचण वाटते ती एवढीच, की हा हिशेब सगळा उजेड पडून गेल्यावरचा आहे. काम झालेला माणूस मागे वळून ‘ती माझी उबवण होती’ म्हणू शकतो. आत बसलेल्याला ती उबवण आहे की आळस, हे कोण सांगणार? वॉलसही काही जिना बांधायला बसला नव्हता. रोजच्या विचारात या अवस्था एकमेकींत मिसळतात, एका प्रश्नाची पडताळणी चालू असताना दुसऱ्याची उबवण चालू असते, असं त्यानंच म्हटलंय. म्हणून ‘मी कितव्या पायरीवर’ हा प्रश्न मी तुमच्या जागी सोडून दिला असता.

त्याऐवजी माझ्या मामांचा प्रश्न घ्या. मामांचं शेत मंगळवेढ्याच्या बाजूला, काळ्या जमिनीत, सगळा जोंधळा. लहानपणी थंडीत आम्ही जायचो. जोंधळा पोटरीत यायचा, निसवायचा, फुलोरा धरायचा, मग कणसात चीक भरायचा. मामा बांधावरून चालता चालता एखादं कणीस हाताशी ओढून घ्यायचे आणि एका दाण्यावर अंगठ्याचं नख रोवायचे. पांढरा चीक उडाला की कणीस सोडून द्यायचे. नख मऊ रुतलं आणि दाणा फुटला नाही की मागे बघून आम्हाला म्हणायचे, “पेटवा आगटी.” म्हणजे हुरडा भाजायचा. नख रुतलंच नाही तर “हे गेलं आता भाकरीला.” गेलं म्हणजे वाया गेलं नव्हे, काढणीला उभं राहिलं. अगदी कोवळ्या रानात मात्र ते गुरांना जाऊ द्यायचे नाहीत. कोवळी ज्वारी खाऊन जनावराला विषबाधा होते, फुगलेली गाय त्यांनी डोळ्यांनी बघितली होती.

‘जोंधळा तयार झाला का?’ असं मामांनी कधी विचारलेलं मला आठवत नाही. कशाला तयार झाला, हे ते बघायचे. हुरड्याला तयार म्हणजे भाकरीला कच्चा. भाकरीला तयार म्हणजे हुरड्याला निबर. आणि बियाण्याची कणसं तर वेगळीच निवडून ठेवायचे, सगळ्यांत शेवटी.

तुम्ही चार वह्या एकदम मळायला निघालात. त्यात काही चिकात आहे, काही हुरड्याला आलंय, काही केव्हाच कडक झालंय. नख लावून बघायची माझी एक रीत आहे, घरच्या घरी होते. वह्या कपाटात ठेवा. रात्री जेवण झाल्यावर बायकोला किंवा मुलाला आजोबांची एक गोष्ट सांगा. सांगताना कुठल्या तारखेसाठी, कुठल्या शब्दासाठी वही आणायला उठावंसं वाटलं तर तिथे अजून चीक आहे, तो भाग राहू द्या. जिथे वही आठवलीच नाही, आणि सांगता सांगता तुम्हालाच काहीतरी नवीन दिसलं, तो हुरडा. तो त्याच रात्री लिहायचा, दोन पानं. कादंबरीचा भाग म्हणून लिहू नका, नुसता लिहा. आणि जिथे तुम्ही तेच विनोद, तेच हातवारे, दहाव्यांदा करताय असं बायकोच्या चेहऱ्यावर दिसेल, तो भाग निबर झालाय. तोही वापरता येतो, पण दळावा लागेल. म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून सांगा, उलट्या बाजूनं सांगा, मोडून सांगा.

आता कंसातली ओळ. एवढं लांब पत्र लिहिलंत आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट कंसात घातलीत. तुमचं घोडं पेंड खातंय ते तिथे. उबवणीशी त्याचा काही संबंध नाही. आजोबा संपात लपून कामावर जात होते, हे लिहिलं तर घरात काय होईल, आजोबांच्या सोबत्यांची नातवंडं काय म्हणतील, याची तुम्हाला भीती आहे आणि त्या भीतीला तुम्ही सहा वर्षं ‘तयारी’ म्हणताय. मी रागावत नाही, मीही हे केलंय. पण आणखी शंभर नोंदी काढल्यात तरी ही गाठ सुटणार नाही. पहिलं पान तिथूनच लिहा : पहाट, मागचं दार, हातात चपला. कुणाला दाखवायचं की नाही ते नंतर ठरवा. न लिहिलेलं पान दाखवू नये, हे ठरवण्यात काय शहाणपण आहे?

प्रश्न : मी मोहोळजवळच्या गावात शिक्षिका आहे. कथा लिहिते. सगळे सांगतात, ‘लगेच लिहू नका, मुरू द्या.’ मग मी मुरू देते आणि ते तसंच राहून जातं. किती दिवस मुरू द्यायचं?

उत्तर : मुरणं आणि भिजत घोंगडं यांत फरक आहे, पण वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. दोन्हीकडे काही होत नाहीये असं वाटतं.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहायचो. शेजारी अक्का होत्या, घरात तेलुगू बोलायच्या, आमच्याशी मराठी. त्यांचे यजमान मागावर आणि अक्का घरी विड्या वळायच्या, आपल्या सोलापुरात हजारो घरांत बायका वळतात तशा. संध्याकाळी तेंदूची पानं पाण्यात घालायच्या, निथळून ओल्या गोणपाटात गुंडाळून रात्रभर ठेवायच्या. सकाळी गोणपाट उघडलं की आधी एक पान काढून अंगठा आणि बोट यांच्यात चोळायच्या, मग शिरेपाशी वाकवायच्या. कुर्र वाजलं की परत झाकायच्या. म्हणायच्या, “आज नको म्हणतंय पान.” जास्त भिजून लिबलिबीत झालेलं पान मात्र बाजूला फेकायच्या, त्याला वास येतो, वळलेली विडी काळी पडते आणि कारखान्याच्या माणसाकडून परत येते. परत आलेल्या विडीची मजुरी नाही. त्यामुळे त्यांना ही पारख नुसती आवड म्हणून नव्हती.

माझ्या लक्षात राहिलंय ते वेगळंच. पान ‘नको’ म्हणालं तरी अक्का हात बांधून बसल्या नाहीत. तंबाखू चाळायच्या. दोरा गुंडाळून ठेवायच्या. कात्रीची धार बघायच्या. पानाच्या मापाचा जो पत्र्याचा तुकडा असतो तो पुसून सुपात ठेवायच्या. आणि तासाभरानं परत एक पान काढून चोळायच्या. रोज बघायचं, हे महत्त्वाचं. तुमचं मुरवणं ‘राहून जातं’ कारण तुम्ही गोणपाट उघडतच नाही. आठवड्यातून एकदा ते टिपण काढा, वाचा, वाकवून बघा, एक ओळ जोडा नाहीतर खोडा, परत ठेवा. पुन्हा वाचताना एखादा माणूस आधी नव्हता असं काही बोलायला लागला तर आत काम चाललंय. चार आठवडे ते तसंच निपचित पडलेलं दिसलं तर ते घोंगडं. वाळत घाला, दुसरं घ्या.

माझाच अनुभव सांगते. वडील गिरणीत होते, त्रासन म्हणजे सूतकताईच्या खात्यात. ते गेले तेव्हा मी तिशीत होते आणि एका दिवाळी अंकाचं आमंत्रण आलेलं होतं. दहा दिवसांत मी वडिलांवर कथा लिहिली. छापून आली, पत्रं आली, लोकांनी डोळे पुसले. मी आईला वाचून दाखवली. आई भाजी निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, “चांगली आहे. पण यात तुझं रडणं आहे, ते कुठं आहेत?” वर त्यांच्या गिरणीतल्या पाळीची वेळही मी चुकीची घातली होती. ते तिनं सांगितलंच नाही, वडिलांच्या सोबतच्या एका काकांनी सांगितलं, आणि तेही हसत. कोवळी ज्वारी मी स्वतःच खाल्ली होती.

मग अकरा वर्षं मी त्या विषयाला शिवले नाही. एक दिवस जोंधळा दळायला गेले. पिठाच्या गिरणीत पट्टा थांबवून दळणारा मुलगा मागे वळला आणि त्याच्या भुवया पांढऱ्या होत्या. नुसत्या भुवया आणि कानावरचे केस. वडील पाळीवरून यायचे तेव्हा असेच दिसायचे, भुवयांवर कापसाची धूळ. आई त्यांना दारातच फडकं द्यायची आणि ते कधी भुवया पुसायचे नाहीत, फक्त हात पुसायचे. हे मला अकरा वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. ‘गिरणी’ हा एकच शब्द दोन्हीकडे आहे, हेही तेव्हाच लक्षात आलं. डबा तिथेच विसरून घरी आले. कथा भुवयांपासून सुरू झाली आणि तीन दिवसांत उतरली. मग महिनाभर जुन्या कामगारांना भेटून भोंग्याच्या आणि पाळ्यांच्या वेळा तपासत फिरले.

यावरून अकरा वर्षं थांबायचं असतं असा अर्थ कृपा करून काढू नका. मी गोणपाट उघडलं असतं तर कदाचित चार वर्षांत झालं असतं. मला आईचं वाक्य लागलं होतं, म्हणून उघडलं नाही, एवढंच कारण.

प्रश्न : मी पंढरपूरला बी.ए.ला आहे. मला कविता रात्री एक-दोन वाजता सुचते. तेव्हा ती इतकी भारी वाटते की लगेच मोबाईलवर टाकते. सकाळी वाचली की लाज वाटते आणि काढून टाकते. माझी प्रतिभा रात्रीचीच आहे का?

उत्तर : अगं, प्रतिभा रात्रीची असेल, पण ‘टाका’ हे बटण सकाळचं ठेव. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. राजशेखर नावाचा संस्कृत कवी आणि शास्त्रकार होऊन गेला, हजार-अकराशे वर्षांपूर्वी. त्याच्या पणजोबांना, अकालजलदांना, त्यानं ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हटलंय, म्हणजे आपल्याकडचाच म्हणायला हरकत नाही. त्याच्या ‘काव्यमीमांसा’ ग्रंथात कवीचा दिवस प्रहरांत वाटून दिलाय. सकाळी आधी अभ्यास, मग रचना, दुपारी जेवणानंतर काव्याची गोष्ट, आणि चौथ्या प्रहरात सकाळी लिहिलेलं एकट्यानं किंवा मोजक्या माणसांत बसून तपासायचं. कारणही देतो : रसाच्या आवेशात लिहिताना पारखणारी नजर जागी नसते. तुझी रात्री दोनची कविता आणि सकाळची लाज त्याला हजार वर्षांपूर्वी ठाऊक होती.

आणि सकाळी लाज वाटली म्हणून कविता काढून टाकतेस, ती नुसती लोकांसमोरून काढ. वहीतून फाडू नकोस. लाज कुठल्या ओळीला वाटते ते पेन्सिलीनं खूण करून ठेव. बहुतेक वेळा एक किंवा दोनच ओळी निघतात.

प्रश्न : घरात लिहायला जागा नाही, वेळही नाही. सासूबाई, दोन मुलं, शिवणकाम. मनाची तयारी होईल कशी? (अक्कलकोट)

उत्तर : तुमच्याकडे मशीन आहे ना? मशीनच्या खणात एक छोटी वही आणि पेन्सिल ठेवा. बॉबिन भरताना जेवढं सुचेल तेवढं. रोज दोन ओळी. मनाच्या तयारीचं मी सध्या विचारणार नाही. तीन महिन्यांनी वही मला दाखवा.

प्रश्न : मी निवृत्त कारकून, बार्शी. एकाच ललितलेखावर दोन वर्षं काम करतोय. प्रत्येक शब्द जागच्या जागी बसेपर्यंत पाठवणार नाही, असं ठरवलंय. शेवटी एक शब्दही हलवता येत नाही अशी वेळ आली की लेख पिकला असं समजायचं, बरोबर ना?

उत्तर : तुमच्या बाजूनं एक मोठा पक्ष आहे. वामन या जुन्या काव्यशास्त्रकाराच्या मताचे लोक म्हणायचे, की शब्द बदलून चालत नाही अशी अवस्था आली म्हणजे काव्याचा ‘पाक’ झाला. पाक म्हणजे पिकणं. राजशेखर हे मत नोंदवतो आणि लगेच पुढे अवंतिसुंदरीचं मत देतो. अवंतिसुंदरी त्याची बायको. ती म्हणते, हा पाक कसला, ही तर कवीची अशक्ती. मोठ्या कवींच्या हातात एकाच गोष्टीचे अनेक पाठ असतात आणि ते सगळे पिकलेले असतात.

मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतका आनंद झाला होता की स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगत सुटले. नवऱ्याच्या ग्रंथात एक बाई भल्याभल्यांना सांगते की तुम्ही ज्याला परिपक्वता म्हणता ती तुमची कोंडी आहे! तुम्हीही तेच तपासा. ‘संध्याकाळ’ ऐवजी ‘तिन्हीसांज’ घातलं तर लेख कोसळत असेल, तर तो पिकला नाही, आखडलाय.

याच प्रकरणात राजशेखर पाकाचे नऊ प्रकार देतो आणि प्रत्येकाला एका फळाचं नाव. सोलापूरच्या माणसाला ते वाचताना मंडईत फिरल्यासारखं वाटतं. निंबपाक : सुरुवातीला कडू, शेवटीही कडू. बदर म्हणजे बोर : सुरुवात वाईट, शेवट बरा. द्राक्ष : सुरुवातीला रुचत नाही, शेवटी गोड. वांगं : आरंभी बरं, शेवटी बिघडलेलं. चिंच दोन्हीकडे मध्यम. आंबा आरंभी मध्यम, शेवटी गोड. सुपारी आधी चांगली, शेवटी नाही. काकडी आधी गोड, शेवटी मध्यम. नारळ दोन्हीकडे गोड. डाळिंब नाही यादीत, सोलापूरकर म्हणून माझी तक्रार आहे. निंब, वांगं आणि सुपारी टाकून द्या, बोर, चिंच आणि काकडी यांच्यावर मेहनत घ्या, द्राक्ष, आंबा आणि नारळ ठेवा, असा त्याचा निकाल. कुकवी होण्यापेक्षा कवी न होणं बरं, असंही तो ठणकावून सांगतो.

यातलं तुमच्या कामाचं काय, तर तो सुरुवात आणि शेवट वेगवेगळे चाखतो. तुमचा लेख मी वाचला, पत्रासोबत जोडला होता तो. पहिली दोन पानं सुपारी आहेत. छान लागतात, दात रंगतात, आणि तिसऱ्या पानावर नुसता चोथा. दोन वर्षं तुम्ही पहिल्याच पानावर शब्द बसवताय, कारण ते पान आधीच चांगलं आहे आणि तिथे काम करायला बरं वाटतं. शेवटची दीड पानं काढून ठेवा, पहिल्या पानाला महिनाभर हात लावू नका, आणि आईच्या पितळी डब्याचं जे एक वाक्य मध्येच सांडलंय तिथून शेवट नव्यानं लिहा. राजशेखरानं सुपारी टाकून द्यायला सांगितली आहे. मी सांगत नाही, कारण तो डबा मला आवडला.

पत्र : मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की थंडीत मालदांडीच्या हुरड्यासारखं सुख नाही. मी मंगळवेढ्याचा शेतकरी, वय 74. मालदांडी ही ज्वारीची जात भाकरीला. हुरड्याला गुळभेंडी लावतात. तुम्ही शहरात राहता म्हणून माफ. दुसरं, मला लिहायची हौस आहे, पण या वयात सुरुवात करावी का?

उत्तर : काका, चूक कबूल. मामांच्या रानात बांधाकडेला गुळभेंडीच्या चार ओळी वेगळ्या असायच्या, हुरडा आम्ही त्यांचाच खायचो आणि मी आयुष्यभर सगळ्या रानाला मालदांडी म्हणत राहिले. आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्या वर्षी मी एक लेखही लिहिला होता. त्यातही हीच चूक असणार. आता उघडून बघायची हिंमत नाही.

दुसऱ्या प्रश्नाला माझी अट आहे. तुमच्या रानात यंदा हुरडा कधी निघेल ते तुम्हाला माहीत आहे, मला नाही. त्या आठ-दहा दिवसांत रोज बांधावर बसून, दाण्याला नख लावल्यावर काय झालं तेवढं लिहा. रोज चार-पाच ओळी. कणीस कुठल्या ओळीतलं, नख कसं रुतलं, आगटीपाशी कोण होतं, कोण काय बोललं. शुद्धलेखनाचं मी बघते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेनंतर पाठवलंत तरी चालेल, पण लिहा त्याच दिवसांत. आणि पत्रासोबत मूठभर गुळभेंडीचे दाणे टाका, कच्चे चालतील.